तिजोरीच्या खोलीचा गिलावा

ऑफिसात कुणी अंघोळ करत नाही. जुन्या ऑफिसचे फ्लॅट करणं म्हणजे नेमकं काय असतं, असं कुणी विचारलं की मी हे एकच वाक्य सांगते. शंभर माणसं एका इमारतीत दिवसभर बसतात, फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेतात, कॉफी पितात, आणि मागच्या अंगणातल्या दोन संडासांवर सगळ्यांचं भागतं. त्याच इमारतीत बारा कुटुंबं आली की बारा स्वयंपाकघरं आणि अठरा न्हाणीघरं लागतात. म्हणजे पाणी वर चढवायचं, खाली उतरवायचं आणि मधे कुठेही मुक्काम करू द्यायचा नाही. कमानी, खांब, वारसा वगैरे गोष्टी माहितीपत्रकासाठी असतात.

मी साइट सांभाळते. आर्किटेक्ट चित्र काढतो, इंजिनिअर सही करतो, ओनर फोनवर असतो. उरलेलं सगळं माझं. माझ्याकडे एक वही असते आणि वहीत याद्या असतात. काम झालं की खूण, नाही झालं तर तारखेपुढे नवी तारीख. आमचं घराणं तंजावरात दहा-बारा पिढ्या आहे, त्यामुळे मराठी आमच्या जिभेवर आहे, डोळ्यांना मात्र ती अनोळखी. देवनागरी मी पुण्यात पाच वर्षं नोकरी केली तेव्हा दुकानांच्या पाट्या वाचत शिकले. इथल्या माणसांचं बोलणं मी तुम्हाला कळेल अशा मराठीत लिहिते आहे. जसंच्या तसं लिहिलं तर संपादकांना दुभाष्या नेमावा लागेल.

आमची इमारत राजवाड्यापासून फार लांब नाही. एका जुन्या विमा कंपनीचं दुमजली कार्यालय. तीन-तीन फूट जाडीच्या भिंती, सागवानी तुळया, तुळयांवर तिरक्या उभ्या विटा चुन्यात बसवून केलेलं छत. कंपनी केव्हाच गेली होती. मग तिथे गोदाम होतं, मग शिकवणी वर्ग, मग फक्त कबुतरं. शेवटी सेल्वम नावाच्या बिल्डरने ती घेतली आणि माहितीपत्रकावर छापलं, 'इतिहासात राहा'. इतिहासाला पार्किंग नव्हतं, ते शेजारचा प्लॉट घेऊन मिळवलं.

आर्किटेक्ट चेन्नईचा. लिननचा शर्ट, अनवाणी फिरायची सवय. पहिल्या दिवशी भिंतीला तळहात लावून म्हणाला, "मॅडम, आपण काही करायचं नाही. इमारतीला बोलू द्यायचं." चौथ्या दिवशी इमारत बोलली. छतातली अर्धी वीट त्याच्या लॅपटॉपवर पडली. त्यानंतर तो चेन्नईहून फोनवर ऐकत असे.

गिऱ्हाइकांबद्दल काय सांगू! प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: जुने संडास कुठे होते? ज्या जागी शंभर वर्षं कारकून जाऊन आले, त्या जागेवर आपलं देवघर यायला नको. प्रश्न रास्त आहे. पण मागचं अंगण आम्ही आत घेतलं होतं, म्हणजे कुणाचं तरी काहीतरी तिथे येणारच होतं.

सेल्वम मला म्हणाला, "मॅडम, सांगून टाका की संडास नव्हतेच."

"शंभर वर्षं एकही माणूस गेला नाही?"

"ब्रिटिश कंपनी होती. शिस्त होती."

मी खरं ते सांगत गेले आणि तो फ्लॅट शेवटपर्यंत पडून राहिला. अखेर तो एका दंतवैद्याने घेतला. म्हणाला, "अम्मा, मी दिवसभर लोकांच्या तोंडात बघतो. मला काही वाटत नाही."

दुसरे एक गृहस्थ दुबईत. व्हिडिओ कॉलवर घर घेतलं. त्यांना सागवानी तुळया हव्या होत्या म्हणून फ्लॅट आवडला, आणि तुळयांत वाळवी असेल म्हणून झोप लागत नव्हती. उपाय त्यांनीच सुचवला: तुळया खोट्या छताने झाकायच्या, आणि छतावर तुळयांचं चित्र असलेला कागद चिकटवायचा. चिकटवला. त्याचा फोटो माहितीपत्रकाच्या दुसऱ्या आवृत्तीत आहे.

पण मला लिहायचं आहे ते तळमजल्यावरच्या एक नंबरच्या फ्लॅटबद्दल. तो फ्लॅट राजाराम सारांनी घेतला. सार म्हणजे आपले 'सर'; निवृत्त हेडमास्तर, वय शहात्तर. अर्ध्या गावाला त्यांनी भूगोल शिकवला, मलाही. त्यांची बायको सक्कुबाई, सगळ्यांची सक्कू मामी. मामींचं खुब्याचं हाड मोडून जोडलेलं, त्यामुळे जुन्या घराच्या सात पायऱ्या त्यांना डोंगर झाल्या होत्या. घर विकलं आणि विकलेल्या घरातून निघायची तारीख ठरली. मुलगा मुरली चेन्नईत चौदाव्या मजल्यावर राहतो. त्याचं म्हणणं, "कशाला नवं घर? आमच्याकडे या." मामींचं म्हणणं त्यांनी मला साइटवर खुर्चीत बसून सांगितलं.

"अंबुजा, तिथे गेले की मी परत यायची नाही."

"मामी, दोन महिन्यांसाठी जाऊन यायचं."

"माझी बहीण पण दोन महिन्यांसाठी गेली होती. तिच्या दोन महिन्यांना नऊ वर्षं झाली. चौदाव्या मजल्यावरून तिला आकाश दिसतं. आकाशाशी बोलायचं तरी काय?"

म्हणजे प्रश्न सोपा होता. जुनं घर सोडायच्या दिवशी नवं घर तयार असेल तर मामी तंजावरात राहणार. नसेल तर मुरलीची गाडी येणार. मुरली वाईट नाही. अशी मुलं वाईट नसतात, म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नाही.

आता तारखेची गंमत ऐका. तंजावरच्या मराठी माणसाला दोन पंचांगं असतात. घरात आपला चांद्रमास, रस्त्यावर तमिळ सौरमास. शुभ दिवस दोन्हींत शुभ लागतो, आणि अशुभ दिवस मात्र कुठल्याही एकात असला तरी पुरतो. जूनच्या मध्यावर वैकासी महिना संपला की तमिळ लोक आनी आणि आडी हे दोन महिने गृहप्रवेश करत नाहीत. आपला आषाढ त्याच सुमारास येतो. सारांनी दोन्ही पंचांगं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, भूगोलाच्या नकाशावरून फिरवावी तशी पट्टी फिरवली आणि म्हणाले, "एकच दिवस आहे. वैकासीतला शेवटचा गुरुवार. नंतर थेट आवणी महिना." म्हणजे तो गुरुवार हुकला की सुमारे अडीच महिने, आणि जुनं घर तर त्याच आठवड्यात सोडायचं होतं.

मी वहीत लिहिलं: गुरुवार.

एक नंबरच्या फ्लॅटची पुढची खोली म्हणजे विमा कंपनीचा हप्ते भरायचा हॉल. रस्त्याकडे तीन उंच खिडक्या. मागची खोली म्हणजे तिजोरीची. तिला लोखंडी दार आणि खिडकी एकही नाही. मामींचा पलंग तिथे यायचा होता, कारण न्हाणीघर तिला लागून होतं. तर तिजोरीच्या खोलीला खिडकी पाडायची ठरली. वहीत मी सहा दिवस लिहिले. चोर आत येऊ नयेत म्हणून बांधलेल्या भिंतीतून हवा आत आणायला एकोणीस दिवस लागले. बांधणाऱ्याने काम चोख केलं होतं, एवढंच मी म्हणेन. भिंत भिजवून भिजवून छिन्नीने फोडली, आणि सगळा जुना गिलावा सोबत सुटून आला.

आमच्याकडे चुन्याचं काम करणारा आरोक्यम मेस्त्री होता. वय सत्तर, गाव तिरुवैयारूच्या पलीकडे कालव्याकाठी. तो चुना खड्ड्यात भिजत घाली, हिरडा आणि ताडगूळ पाण्यात कुजवून ते पाणी चुन्यात मळी. त्याला असा आंबट वास यायचा की साइटवर कुणी दारू गाळतं का, अशी सेल्वमने एकदा चौकशी केली होती. मेस्त्रीने सोलून काढलेल्या भिंतीवर बोटं फिरवली.

"आवणी," तो म्हणाला.

"माझ्याकडे वीस दिवस आहेत, मेस्त्री."

"तुमच्याकडे आहेत. भिंतीकडे नाहीत. आधी तिने प्यालेलं पाणी वाळायला हवं. मग तीन हात. प्रत्येक हात सुकू द्यायचा, पण घाईने नाही."

"आणि सिमेंट?"

त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी देवळात चप्पल घालून आले आहे. "सिमेंट वर बसेल. पाणी आत बसेल. मग दोघं भांडतील. अम्मा, त्याला मी हात लावणार नाही."

इथे बाहेरच्या वाचकांसाठी दोन ओळी. जुनी चुन्याची भिंत खालून ओल ओढते आणि अंगातून बाहेर सोडते, माणसाला घाम येतो तशी. चुन्याचा गिलावा तो घाम जाऊ देतो. सिमेंट जाऊ देत नाही, आणि वर प्लास्टिकचा रंग लावला की भिंतीला रेनकोटच. हे मला माहीत होतं. पुण्यात एका जुन्या शाळेच्या कामावर मी हेच दुसऱ्यांना मोठ्या आवाजात समजावलं होतं. पण वहीत गुरुवार लिहिलेला होता, आणि लिहिलेली तारीख पुढे ढकलणारी माणसं मला मुळातच आवडत नाहीत.

मी दुसरी टोळी आणली. आठ दिवसांत सिमेंटचा गिलावा, पुट्टी, रंग. भिंत आरशासारखी. मी तिथे उभं राहून खूण केली. मेस्त्री दारात आला, आत पाहिलं, आपली थापी आणि ओळंबा गोणपाटात गुंडाळला आणि गावी गेला. काही बोलला नाही. तो बोलला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

गुरुवारच्या आधीच्या शनिवारी भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक डाग आला. रविवारी तो नकाशाएवढा झाला. सोमवारी रंगाला फुगे आले, फुग्यांतून पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतला खार, फुटला, आणि दुपारी जेवणाच्या ताटाएवढा पोपडा आपणहून खाली पडला. मी खूण केलेल्या ओळीकडे पाहत उभी राहिले.

सेल्वम आला. त्याने भिंत पाहिली आणि पाच सेकंदांत उपाय काढला. "मोठं तंजावर पेंटिंग लावू. चार बाय सहा. बाळकृष्ण. म्हातारी माणसं, खूश होतील."

"आणि त्याच्या मागे?"

"त्याच्या मागे कोण बघतं?"

खोटं बोलणार नाही, मी टेप काढून मापं घेतली. चार बाय सहा पुरलं नसतं. डाग रुंद होता. आमच्या गावात भिंतीचा प्रत्येक दोष या चित्रांनी झाकला आहे; कुठल्याही लॉजमध्ये जा आणि बाळकृष्ण उचलून बघा. पण ज्या भिंतीला मामींची उशी लागणार, ती भिंत कुबट ओल सोडत राहणार आणि त्यांना खोकला लागला की मुरलीची गाडी येणारच. फक्त जरा उशिरा, आणि दोष हवेचा ठरेल. टेप मी खिशात घातला.

सारांच्या घरी सामान बांधून झालं होतं. मी उभ्यानेच सांगितलं: गिलावा चुकला, चूक माझी, मेस्त्रीने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आता सगळा काढावा लागेल आणि चुन्यात करायचा तर आवणी.

सारांनी चष्मा काढला. "तुला मी पाणी जिरण्याचा धडा शिकवला होता. सच्छिद्र खडक, अच्छिद्र खडक."

"हो सार."

"मार्क किती पडले होते?"

"बरे पडले होते, सार."

"मग मार्क देणाऱ्याची चूक."

मामी मात्र सारांकडे बघत नव्हत्या. त्यांनी विचारलं, "पुढच्या खोलीची भिंत कशी आहे?"

"ती जुनीच आहे, मामी. चुन्याची. तिला काही झालेलं नाही."

"चूल?"

"तयार."

"न्हाणीघर?"

"तयार."

"मग दूध उतू घालवायला कुठली भिंत लागते? तो सगळा पोपडा गुरुवारच्या आत काढून टाक. ओली भिंत झाकलेली नको, उघडी असू दे. पलंग पुढे टाक. आणि त्या मेस्त्रीला आण."

बुधवारपर्यंत सिमेंट खरवडून काढलं. बुधवारी सकाळीच मी कालव्याकाठच्या रस्त्याने मेस्त्रीच्या घरी गेले. तो नारळाच्या झाडाखाली मोपेडची साखळी साफ करत होता. मला पाहून त्याने नातीला खुर्ची आणायला सांगितली आणि साखळी साफ करणं चालू ठेवलं.

"पडला?" त्याने विचारलं.

"पडला."

"कितवा दिवस?"

"नववा."

"मी पंधरा म्हटलं होतं घरी. बायको आठ म्हणाली. ती जिंकली." त्याची बायको आतून हसली. मी हसण्याचा प्रयत्न केला.

"मेस्त्री, या. ती दोघं आता तिथेच राहणार आहेत, पुढच्या खोलीत. तुम्ही मागे काम करायचं."

"येतो. पण अम्मा, वहीत तारीख लिहायची नाही."

"मग काय लिहू?"

"मी सांगेन तेव्हा लिहा. भिंत सुकली, असं लिहा."

माझ्या कामाच्या आयुष्यात मी मान्य केलेली ही सर्वांत अपमानास्पद अट आहे. मी मान्य केली.

गुरुवारी गाय आली, कलश आला, दूध उतू गेलं, सगळ्यांनी तोंड गोड केलं. मुरली गाडी घेऊन आला होता. तो मागच्या खोलीत गेला आणि उघड्या विटा पाहून बाहेर आला.

"अम्मा, हे काय आहे? हे गोदाम आहे!"

"काम चालू आहे," मामी म्हणाल्या.

"काम होईपर्यंत चला. फ्लाइटची दगदग नाही, मी गाडी आणली आहे. मागच्या सीटवर झोपून या."

"आज नाही यायचं. ज्यांनी दूध उतू घालवलं त्यांनी पहिल्या रात्री घर सोडायचं नसतं."

"ठीक. उद्या."

"उद्या शुक्रवार. शुक्रवारी घरची लक्ष्मी बाहेर पाठवतोस?"

"मग शनिवारी!"

"शनिवारी दक्षिणेकडून उत्तरेला हाड मोडलेल्या माणसाने प्रवास करू नये."

हे शेवटचं कुठल्याही पंचांगात नाही. सारांनी छताकडे पाहिलं. मुरली आईसमोर पलंगाच्या कडेवर बसला. मग त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही रोज येणार का इथे?"

"रोज," मी म्हणाले.

"लिहून द्या."

मी वहीतलं पान फाडून लिहून दिलं. त्याने ते घडी घालून खिशात ठेवलं. रविवारी त्याची सुट्टी संपत होती. तो एकटा गेला.

पुढचे अकरा आठवडे मी रोज गेले. आनी गेला, आडी गेला. मेस्त्री मागच्या खोलीत एक हात देई, मग कित्येक दिवस नुसता भिंतीसमोर बिडी न पेटवता बसून राही. मामी पुढच्या खोलीत मधल्या खिडकीशी खुर्चीत. फुलवाली, सायकलवरचा इडली-पिठवाला, सारांचे जुने विद्यार्थी, सगळे खिडकीशी थांबून बोलून जात. एकदा दुबईच्या गृहस्थांचे वडील फ्लॅट बघायला आले आणि मामींशी तासभर बोलून वर न जाताच परत गेले. त्यांना कागदी तुळया बघायच्या राहूनच गेल्या, ते एका परीने बरंच झालं.

आवणीत मेस्त्री म्हणाला, "लिहा." मी लिहिलं. असा गिलावा मी दुसऱ्या कुठल्याही साइटवर पाहिलेला नाही. अंड्याच्या कवचासारखा, हात लावला तर गार, आणि ओलीचं नाव नाही. नव्या खिडकीतून उजेड आत येत होता. दोन माणसं बोलावली, पलंग मागे न्यायचा म्हणून.

"कुठे नेता?" मामी म्हणाल्या.

"तुमच्या खोलीत, मामी. झाली तयार."

"तिथे काय दिसतं?"

"खिडकी आहे की. तुमच्यासाठी पाडली. एकोणीस दिवस लागले."

"खिडकीतून काय दिसतं ते विचारलं."

मी जाऊन पाहिलं. पार्किंग दिसत होतं.

"तो पलंग जिथे आहे तिथेच असू दे," मामी म्हणाल्या आणि फुलवालीला हाक मारायला वळल्या.

आता तिजोरीच्या खोलीत सारांचे नकाशे असतात आणि शेतावरून येणारी तांदळाची पोती. मेस्त्री सणासुदीला गावात आला की एकदा आत डोकावतो, भिंतीला हात लावतो, पोती भिंतीपासून वीतभर पुढे ओढतो. मागच्या वेळी मी विचारलं, एवढं काम करून शेवटी तांदूळ ठेवले, वाईट वाटत नाही का?

"तांदूळ खोकत नाहीत ना?" तो म्हणाला. "मग झालं."